चाकाचा हात, रबराचा सांधा

बालमित्रांनो, सुरुवातीला एक कोडं सोडवा पाहू.

बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी आणि मधे मी. दिवसभर मला पिळतात, पण मी जागा सोडत नाही. मी थकलो की गाडी ‘खट् खट्’ बोलू लागते. सांगा, मी कोण?

टायर? नाही. स्प्रिंग? तीही नाही. हरलात? मग उत्तर ऐका. त्याचं नाव बुश! मोटारीच्या पोटाखाली, चाकाच्या आतल्या बाजूला, चिखलात नि धुळीत हा रबराचा तुकडा बसलेला असतो. तुमच्या मुठीत मावेल एवढाच. पण तो फाटला, तर सगळी गाडी कुरकुरायला लागते.

तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी, आजोबांकडे किंवा मामाकडे एखादी जुनी गाडी असेल. पंधरा-वीस वर्षांची, रंग थोडा उडालेली, पण अजून इमानानं चालणारी. अशी गाडी खडखडू लागली की घरात चर्चा सुरू होते. बाबा म्हणतात, ‘बुश गेले वाटतं.’ आजोबा म्हणतात, ‘आर्मच बदलून टाक.’ आई विचारते, ‘खर्च किती?’ आणि तुम्ही मात्र मागच्या सीटवर गप्प! आज आपण ही भानगड नीट समजून घेऊ, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हालाही चर्चेत दोन शब्द बोलता येतील. आणि ते दोन शब्द महत्त्वाचे आहेत बरं का, कारण ही गोष्ट नुसत्या आवाजाची नाही, गाडीत बसणाऱ्या सगळ्यांच्या जिवाची आहे.

चाकालाही हात असतो

विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही सांध्यांचे प्रकार शिकला आहात. कोपराचा सांधा बिजागरीचा. दाराच्या बिजागरीसारखा तो एकाच दिशेनं उघडतो-मिटतो. खांद्याचा सांधा उखळीचा. त्यामुळे हात वर, खाली, गोल, कसाही फिरतो.

आता गाडीचं पुढचं चाक डोळ्यांसमोर आणा. त्याला दोन कामं करायची असतात. खड्डा आला की खाली जायचं, उंचवटा आला की वर यायचं, हे एक काम. स्टेअरिंग फिरवलं की डावीकडे-उजवीकडे वळायचं, हे दुसरं काम. पण हे करताना त्यानं आपली जागा मात्र सोडायची नाही. म्हणून गाडीच्या सांगाड्यापासून चाकापर्यंत एक मजबूत लोखंडी हात दिलेला असतो. गॅरेजमध्ये त्याला ‘लोअर आर्म’ किंवा ‘सस्पेन्शन आर्म’ म्हणतात.

या हाताचं आतलं टोक सांगाड्याला जोडलेलं असतं. तिथे बिजागरीसारखी हालचाल होते आणि तिथेच आपला बुश बसतो. बाहेरचं टोक चाकाकडे जातं. तिथे उखळीचा सांधा असतो, म्हणजे एका वाटीत बसलेला लोखंडी गोळा. त्याला म्हणतात ‘बॉल जॉइंट’. बघा, आपल्या शरीरातले दोन्ही सांधे इथे हजर!

गाडीचं वजन कोण पेलतं? ते काम मुख्यतः स्प्रिंगचं. धक्का शांत करण्याचं काम शॉकअब्जॉर्बरचं. आणि चाकाला जागेवर धरून ठेवण्याचं काम या आर्मचं. वळताना चाक बाहेर सरकायला बघतं, ब्रेक लावला की मागे ओढलं जातं. दर वेळी आर्म त्याला बजावतो, ‘जागेवर राहा!’

मॅकफर्सनसाहेबांची युक्ती

पूर्वीच्या अनेक गाड्यांत पुढच्या प्रत्येक चाकाला दोन हात असत, एक वर आणि एक खाली. अमेरिकेतले अभियंते अर्ल मॅकफर्सन यांनी एक सोपी रचना तयार केली. स्प्रिंग आणि शॉकअब्जॉर्बर एकाच खांबात बसवून तो खांब वर गाडीच्या सांगाड्यालाच जोडायचा. मग वरच्या हाताची गरज उरत नाही, खालचा एकटाच पुरतो. १९५० मध्ये इंग्लंडमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांत ही रचना आली आणि पुढे जगभर पसरली. जागा कमी, भाग कमी, खर्च कमी!

आपल्या ओळखीच्या मारुती ८०० मध्येही पुढे हीच रचना आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या ग्राहकाला या गाडीची किल्ली दिली. जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तोपर्यंत २५ लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या होत्या. ती पहिली गाडी कंपनीनं पुन्हा नीट करून जपून ठेवली आहे. म्हणजे जुनी गाडी नीट केली, तर किती टिकते बघा!

मारुती ८०० मध्ये आणखी एक गंमत आहे. तिचा खालचा हात बारीकसा आहे. तो चाकाला आडवं सरकू देत नाही, पण पुढे-मागे एकट्यानं धरू शकत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारा एक वाकवलेला लोखंडी दांडा असतो, त्याला म्हणतात स्टॅबिलायझर बार. त्याची टोकं दोन्ही आर्ममध्ये अडकवलेली असतात. वळणावर गाडी कलू नये हे त्याचं एक काम आणि चाकाला पुढे-मागे धरून ठेवणं हे दुसरं. त्या टोकांनाही रबराचे बुश असतात. तेव्हा ‘बुश बदला’ असं नुसतं म्हटलं की लगेच विचारायचं, ‘कुठले? आर्मचे की स्टॅबिलायझरचे?’

मधे रबर कशाला?

तुम्ही म्हणाल, लोखंडाला लोखंड जोडायचं तर मधे हा रबर कशाला?

बैलगाडीत बसला आहात का कधी? तिच्या आसाला वंगण घालावं लागतं, नाहीतर चाक किरकिरतं, आस झिजतो. आणि दगडधोंड्यांचा प्रत्येक धक्का थेट आपल्या हाडांपर्यंत येतो. जुन्या मोटारींमध्येही अनेक सांध्यांत पंपानं ग्रीस भरावं लागे. मग रबर आला. बुशमध्ये रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला घट्ट चिकटवलेला असतो. आर्म वर-खाली झाला की रबर पिळला जातो आणि नंतर आपणहून पूर्ववत होतो. काहीही घासत नाही, म्हणून वंगण नको. शिवाय बारीक थरथर रबरच गिळून टाकतो. म्हणून जुने मेस्त्री याला ‘सायलेंट ब्लॉक’ असंही म्हणतात. सायलेंट म्हणजे गप्प!

हा रबर कुठला? रबराच्या झाडाच्या चिकापासून तो बनतो. भारतात सगळ्यात जास्त नैसर्गिक रबर केरळात होतो. आपल्याकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग भागातही रबराच्या बागा आहेत. पण नुसता चीक वाळवून चालत नाही. असा रबर उन्हाळ्यात चिकट होतो आणि थंडीत कडक. १८३९ मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयर यांना असं आढळलं, की रबरात गंधक मिसळून तो तापवला तर तो टिकाऊ आणि लवचीक होतो. ‘गुडइयर’ नावाची टायर कंपनी निघाली १८९८ मध्ये, आणि गुडइयर वारले होते १८६० मध्येच! कंपनी त्यांची नव्हती, तिला फक्त त्यांचं नाव दिलं गेलं.

आता एक हिशेब करा. समजा, गाडी एक लाख किलोमीटर चालली आणि रस्त्यात दर १० मीटरला एक छोटासा धक्का बसला. एक लाख किलोमीटर म्हणजे १० कोटी मीटर. भागिले १०. किती झाले? एक कोटी! तो एवढासा रबर एक कोटी वेळा पिळला गेला. थकणार नाही तर काय?

मागच्या सीटवरचे हेर

बुश थकला हे कसं ओळखायचं? इथे तुमची मदत फार मोलाची आहे. गाडी चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं. तुमचे कान मोकळे असतात. या गोष्टींकडे लक्ष द्या :

१) गतिरोधकावर किंवा खड्ड्यात पुढून ‘खट् खट्’ आवाज येतो का? डावीकडून की उजवीकडून?

२) ब्रेक लावला की गाडी एका बाजूला ओढली जाते का? (हे बाबांना किंवा आईला विचारा.)

३) पुढचे टायर एकाच कडेनं जास्त झिजले आहेत का? हे मात्र गाडी उभी आणि बंद असतानाच बघायचं.

४) सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग सतत सावरावं लागतं का?

यातलं काही दिसलं की वहीत तारीख घालून लिहा आणि मेस्त्रीकाकांना दाखवा. पण एक लक्षात ठेवा. असाच आवाज दुसऱ्या भागांमुळेही येऊ शकतो. स्टेअरिंगच्या दांड्याचा सांधा, शॉकअब्जॉर्बरचं वरचं रबर, स्टॅबिलायझरचे बुश, यांपैकी कुणीही गुन्हेगार असेल. तेव्हा आधी तपासणी, मग खरेदी! डॉक्टर पोट न तपासता औषध देत नाहीत, तसंच हे.

आमच्या वर्गातल्या एका मुलाचे बाबा गॅरेज चालवतात. एकदा त्यांनी शाळेत एक जुना आणि एक नवा बुश पाठवून दिला. मुलांनी दोन्ही हातात घेऊन पाहिले. जुन्या बुशच्या रबराला चिरा गेल्या होत्या आणि एका बाजूनं तो कड्यापासून सुटला होता. आतली नळी मधोमध राहिलेली नव्हती, खाली कललेली होती. नव्याची नळी बरोब्बर मधे होती. एक मुलगी म्हणाली, ‘बाई, याचा दात हलतोय!’ अगदी बरोबर. मेस्त्रीही हेच बघतात. गाडी उचलून, खाली भक्कम स्टँड लावून, टॉमीनं म्हणजे लोखंडी पहारीनं आर्म हलवून पाहतात. हिरडीत दात हलावा तसा आर्म हलला, की समजायचं बुश गेला.

आणि हो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. चेंडू गेला तरी नाही, मांजराचं पिल्लू गेलं तरी नाही. मोठ्यांनीही नाही!

फक्त बुश की अख्खा आर्म?

आता खरा प्रश्न. बदलायचं काय?

आर्म सरळ असेल, गंजलेला नसेल आणि बॉल जॉइंट घट्ट असेल, तर फक्त बुश बदलून भागतं. पण जुना बुश काढून नवा बसवायला दाबयंत्र, म्हणजे प्रेस लागतो. हातोड्यानं ठोकून बसवला तर कडं वाकतं आणि नवा रबर पहिल्याच दिवशी दुखावतो. काही बुशच्या रबरात मुद्दाम पोकळ खाचा ठेवलेल्या असतात. त्या विशिष्ट दिशेलाच याव्या लागतात. म्हणून जुना काढण्याआधी खूण करून ठेवावी.

बॉल जॉइंट सैल झाला असेल, तर मात्र मामला गंभीर! तो उखळीतून निसटला तर चाक आडवं पडतं आणि गाडी ताब्यात राहत नाही. ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं इथे म्हणायचं नाही. कित्येक गाड्यांत बॉल जॉइंट आर्मलाच पक्का बसवलेला असतो. मग अख्खा आर्म बदलणंच शहाणपणाचं. त्यात नवा बुश आणि नवा बॉल जॉइंट दोन्ही मिळतात. आर्म वाकला असेल तरीही तेच. वाकलेला आर्म तापवून, ठोकून सरळ करू नये. लोखंड आतून कमजोर झालेलं डोळ्यांना दिसत नाही. समुद्रकाठच्या गावात खाऱ्या हवेनं गंज लवकर धरतो, तिथे आर्मच्या सांध्यांवर जास्त नजर ठेवावी.

एक बाजू बदलली की दुसरीही बदलावी का? दोन्ही बुश एकाच वयाचे, एकाच रस्त्यावर चाललेले. एक गेला तर दुसराही वाटेवर असतो. शिवाय एक बाजू नवी आणि दुसरी ढिली असली, की दोन्ही चाकं सारखी वागत नाहीत. एका पायात नवा बूट आणि दुसऱ्यात झिजलेली चप्पल घालून पळून बघा, म्हणजे कळेल!

दुकानात गेल्यावर

पुण्याच्या नाना पेठेत किंवा आपल्या तालुक्याच्या गावी सुट्या भागांच्या दुकानात गेलात की दुकानदार विचारतो, ‘ओरिजिनल देऊ की लोकल?’ इथे चार प्रकार नीट ओळखायला हवेत.

पहिला, गाडीच्या कंपनीच्या वेष्टनात आलेला. दुसरा, गाडीच्या कंपनीला माल पुरवणाऱ्या कारखान्यानं स्वतःच्या नावानं विकलेला. हा पुष्कळदा चांगला असतो आणि थोडा स्वस्तही पडतो. तिसरा ‘लोकल’, म्हणजे दुसऱ्या एखाद्या कारखान्यानं त्याच मापाचा बनवलेला. यात चांगलाही मिळतो आणि वाईटही. पारखून घ्यावा लागतो. चौथा ‘डुप्लिकेट’. हा दुसऱ्या कंपनीचं खोटं नाव लावून येतो.

मुलांनो, तिसरा आणि चौथा यांतला फरक समजला का? एक मुलगा स्वतःच्या वहीत स्वतःच्या अक्षरात गणित सोडवतो. चुकेल किंवा बरोबर येईल, पण नाव त्याचंच. दुसरा मात्र आपल्या पेपरवर पहिल्या नंबरच्या मुलाचं नाव टाकून मोकळा होतो! लोकल मालाला नाव असतं, पत्ता असतो, जबाबदारी असते. डुप्लिकेट मालाला यातलं काहीच नसतं. चाकाचा हात अशा बेनावी वस्तूच्या भरवशावर सोडायचा का?

वेष्टन वाचायचं काम तुम्ही करू शकता. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे वेष्टनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि महिना-वर्ष छापावं लागतं. महिना-वर्ष नक्की बघा. रबर न वापरताही म्हातारा होतो. उष्णता आणि हवा त्याला हळूहळू कडक करतात. वर्षानुवर्षं फळीवर पडून असलेला बुश ‘नवा’ नसतो. याच कारणानं जुन्या बाजारातून काढलेला बुश किंवा बॉल जॉइंट घेऊ नये. कुर्ल्याच्या भंगारबाजारात दरवाजा, आरसा, दिवा जरूर शोधा, पण चाकाचे सांधे नकोत.

खरेदीच्या वेळी हे तपासा :

• गाडीचं आर. सी. बुक जवळ ठेवा. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक भाग बदलतात. मारुती ८०० चा आकारच १९८६ मध्ये बदलला. म्हणून ‘मारुतीचा आर्म द्या’ एवढं सांगून भागत नाही. वर्ष आणि चॅसिस क्रमांक सांगून भाग क्रमांक जुळवून घ्यावा.

• जुना भाग काढला असेल तर तो बरोबर न्या आणि शेजारी ठेवून ताडून बघा. बाहेरचा व्यास, आतल्या भोकाचा व्यास, लांबी. मोठ्या ताई-दादांनी व्हर्नियर कॅलिपर शाळेत हाताळला असेल, त्याचा उपयोग इथे होतो!

• डावा आर्म आणि उजवा आर्म पुष्कळदा वेगळे असतात, आरशातल्या प्रतिमेसारखे. दोन ‘डावे’ घरी आणू नका.

• बुशचा रबर कड्याला सगळीकडून चिकटलेला हवा. फट नको, बुडबुडे नकोत. नळी मधोमध हवी.

• आर्मचे वेल्डिंगचे जोड सलग हवेत.

• बॉल जॉइंट हातानं हलवला तर जरा जोर लागावा, पण कुठे अडकू नये. त्यावरची रबरी टोपी फाटलेली नको. ती फाटली की आतलं ग्रीस बाहेर येतं आणि धूळ-पाणी आत जातं.

• पावती घ्याच. तक्रार करायची वेळ आली तर तिच्यावाचून काही चालत नाही. ग्राहकांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

काळा रबर की रंगीत पॉलियुरेथेन?

हल्ली लाल, पिवळे, निळे बुशही मिळतात. ते पॉलियुरेथेन नावाच्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे असतात. शर्यतीच्या गाड्यांत ते वापरतात. रबरापेक्षा ते कडक असतात, तेलानं सहसा खराब होत नाहीत आणि पुष्कळ टिकतात. पण कडक असल्यामुळे रस्त्याची थरथर जास्त आत येते. त्यात नळी सहसा चिकटवलेली नसते, ती फिरते. म्हणून खास ग्रीस लावावं लागतं, नाहीतर चूं-चूं आवाज सुरू! आजीला दवाखान्यात नेणाऱ्या घरच्या गाडीला काळा रबरच बरा.

आणि रबराच्या बुशला मात्र ग्रीस किंवा तेल लावायचं नाही. आवाज बंद व्हावा म्हणून काही जण ऑइल सोडतात. त्यानं रबर फुगतो आणि सडतो. खोटं वाटतं? मग हे करून पाहा.

करून पाहा

सारख्या आकाराची दोन रबरबँड घ्या. एक कोरड्या वाटीत ठेवा, दुसरं गोडेतेलात बुडवून ठेवा. आठवड्यानं दोन्ही पुसून शेजारी ठेवा. रुंदी मोजा, हळूच ताणून पाहा. कुठलं आधी तुटलं? निरीक्षण वहीत लिहा.

सगळ्यात मोठं गुपित

चांगला बुश आणला, प्रेसनं नीट बसवला, तरी एका छोट्या गोष्टीनं सगळी मेहनत वाया जाऊ शकते. ती गोष्ट अशी.

आधी तुमची मान पूर्ण डावीकडे वळवा. आता तीच मान सरळ समजून दिवसभर शाळेत बसा. फळा बघायला दर वेळी मान उजवीकडे ओढायची. संध्याकाळी काय होईल? मान अवघडणार! मान सरळ ठेवून बसलं, तर डावीकडे थोडी, उजवीकडे थोडी, सहज वळते.

बुशचंही तसंच. गाडी जॅकवर असते तेव्हा चाक खाली लोंबतं आणि आर्मही खाली झुकलेला असतो. त्याच स्थितीत बोल्ट पूर्ण आवळला, तर रबराला वाटतं, हीच आपली विश्रांतीची जागा. मग गाडी जमिनीवर टेकली की आर्म वर येतो आणि रबर पिळला जातो. उभ्या गाडीतही पिळलेलाच! अशा बुशला खड्ड्यात आणखी पीळ बसतो आणि तो फार लवकर फाटतो. लोक म्हणतात, ‘माल खराब निघाला.’ मालाचा काय दोष?

म्हणून योग्य पद्धत अशी. बोल्ट आधी हलकेच लावायचा. गाडी चाकांवर जमिनीला टेकवायची, दोन-चार वेळा दाबून स्थिर होऊ द्यायची. मग तो बोल्ट कंपनीनं सांगितलेल्या जोरानं आवळायचा. तो जोर मोजणारा खास पाना असतो, त्याला टॉर्क पाना म्हणतात. खोलताना काढलेली कुलूप-नट किंवा खिळपिन पुन्हा वापरायची नाही, नवी लावायची. शेवटी चाकांचं अलाइनमेंट करून घ्यायचं, म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत की नाही हे तपासायचं. हे राहिलं तर नवे टायरही वाकडे झिजतात.

बुश पाठवणाऱ्या त्या मेस्त्रींना मी विचारलं, ‘हे सगळेच करतात का?’ ते हसून म्हणाले, ‘बाई, गिऱ्हाईक घाईत असतं. वर असतानाच आवळलं की पाच मिनिटं वाचतात. पण गिऱ्हाइकानं विचारलं ना, की मेस्त्री थांबतो.’

पालकांसाठी थोडंसं

आई-बाबांनो, एक हिशेब मुलांबरोबर मांडून बघा. आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. समजा, स्वस्त बुशची जोडी २०० रुपये, चांगली ६०० रुपये. दोन्हींना मजुरी ६०० आणि अलाइनमेंट ३०० रुपये सारखंच. स्वस्त काम ११०० रुपयांत झालं, चांगलं १५०० रुपयांत. वाचले ४००! पण स्वस्त जोडी १०,००० किलोमीटरमध्ये गेली आणि चांगली ४०,००० टिकली, तर? ४०,००० किलोमीटरमध्ये स्वस्ताचा खर्च चार वेळा, म्हणजे ४४०० रुपये. चांगल्याचा १५००च. शिवाय चार वेळा गॅरेजला खेटे. मजुरी दर वेळी द्यावी लागते, हे आपण किंमत बघताना विसरतो.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. म्हणजे जुनी गाडी रस्त्यावर ठेवायची परवानगी आहे, पण ती सुरक्षित असली तरच. गाडी विकून नवी घेणं प्रत्येक घराला जमतं असं नाही. जी आहे तिचे सांधे नीट ठेवणं मात्र बहुतेकांना जमण्यासारखं आहे.

आणि मुलांनो, पुढच्या वेळी गाडी गॅरेजला निघाली की तुमची निरीक्षणवही घेऊन बरोबर जा. बाजूला उभं राहून नीट बघा. काम संपत आलं की मेस्त्रीकाकांना नम्रपणे एवढंच विचारा, ‘काका, गाडी खाली टेकवल्यावर बोल्ट आवळणार ना?’

काका तुमच्याकडे जरा आश्चर्यानं बघतील. पण बोल्ट खालीच आवळतील, बघा!